कापड रंगलं की काम झालं

आमच्या सोसायटीच्या गेटसमोर एक ग्रिलवाला आहे. खिडक्यांचे गज, गॅलरीच्या जाळ्या, सरकती गेटं, सगळं तो रस्त्यावरच कापतो आणि रस्त्यावरच घासतो. संध्याकाळी सातच्या सुमाराला त्याच्या ग्राइंडरमधून ठिणग्यांचं कारंजं उडतं आणि ते बघायला दोन-चार पोरं कायम उभी असतात. मीही बघायचो. त्या ठिणग्या जातात कुठे, हा प्रश्न मला दोन वर्षं पडला नाही. माझं पार्किंग गेटपासून दुसरं, तरीही नाही. (इंजिनियर आहे म्हणे.)

मागच्या वर्षी पावसाळा संपल्यावर एका शनिवारी गाडी धुतली. पुसताना बॉनेटवर हात फिरवला तर पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखा खरखरीत लागला. वाकून बघितलं, तर चंदेरी रंगावर शेकडो नारिंगी ठिपके. मोहरीच्या दाण्यापेक्षाही बारीक. पुन्हा शांपू लावला, नखाने खरवडून पाहिलं. ठिपके जागचे हलेनात. गाडी सेकंडहँडच, पण माझ्या पगारातून घेतलेली पहिली मोठी वस्तू, आणि हप्ते अजून चालू. जिवाला लागलं.

बाबांना सांगितलं. बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तीस वर्षं ग्राइंडिंग करून रिटायर झाले. मायक्रॉन हा शब्द मी पुस्तकात शिकलो नाही, जेवणाच्या ताटावर शिकलो. ते म्हणाले, "बघतो मी."

पुढच्या रविवारी आमचं रिलीज होतं, म्हणून मी ऑफिसात. रात्री परत आलो तर बाबा जिन्यातच भेटले, खूश होते. "चार तास घासलं. आधी काही केल्या कापडावर रंगच येईना. नुसतं पांढरं. मग जोर लावला, तेव्हा कुठे कापड राखाडी झालं. आता ठिपका दाखव एक."

मी खाली जाऊन मोबाइलच्या उजेडात पाहिलं. ठिपका एकही नव्हता. बॉनेटच्या मधल्या धारेवर, तळहाताएवढ्या भागात, चकाकीही नव्हती. तिथे रंग मेलेला दिसत होता, वाळलेल्या चुन्यासारखा. मी वर आलो आणि "छान झालंय" म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात त्यांनी स्वतःच पाहिलं असणार, कारण त्यानंतर कित्येक महिने गाडीचा विषय घरात निघाला नाही.

ज्या माणसाने आयुष्यभर शंभरावा भाग मिलिमीटर सांभाळला, त्याच्या हातून असं का व्हावं? या एका प्रश्नापायी मी गेल्या काही महिन्यांत गाड्यांच्या रंगाचा इतिहास वाचत सुटलो. त्यातून निघालेलं उत्तर असं, की बाबा चुकले नव्हते. त्यांचा नियम बरोबर होता, फक्त तो वेगळ्या रंगासाठी होता.

तो नियम मी लहानपणापासून पाहिलेला. आमच्याकडे मरून रंगाची फियाट होती. दिवाळीच्या आधी बाबा जुन्या बनियनचा तुकडा घ्यायचे, रबिंग कंपाउंडचा डबा उघडायचे आणि गोल गोल घासायला बसायचे. बनियन हळूहळू मरून व्हायचं. "कापड रंगलं की काम झालं," हे त्यांचं वाक्य. मी रंगलेली चिंधी आईला दाखवायला धावायचो आणि ती म्हणायची, "शी, ठेव तिकडे."

आता हा नियम आला कुठून?

सुरुवातीच्या मोटारी रंगवल्या जायच्या त्या घोडागाडीसारख्याच. तेलाचे रंग, वर व्हार्निश, हाताने ब्रश. एक थर वाळायचा, घासायचा, मग दुसरा. असं करत एका गाडीला काही आठवडे लागायचे. फोर्डने यातून स्वतःपुरती वाट काढली. १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची, आणि तो काळा रंग भट्टीत भाजून लवकर वाळवता यायचा. बाकीच्यांना मात्र रंगीत गाड्या विकायच्या होत्या. गाड्या तासातासाला तयार होताहेत आणि रंग वाळायची वाट बघत गोडाउनभर उभ्या आहेत, अशी परिस्थिती. आमच्याकडे कोड तयार असतो आणि टेस्टिंगचं सर्व्हर मोकळं नसतं, तसंच काहीसं.

ही कोंडी फोडली ड्युपाँट आणि जनरल मोटर्सने. नायट्रोसेल्युलोजपासून बनवलेला लॅकर, नाव 'ड्युको'. १९२३ मध्ये ओकलंड गाड्यांच्या १९२४ च्या मॉडेलवर तो निळ्या रंगात पहिल्यांदा आला. फवाऱ्याने मारायचा, द्रावक उडून जातो, थर झटपट वाळतो. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख चार्ल्स केटरिंग याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. गाडी इतक्या लवकर रंगवणं अशक्य आहे म्हणणाऱ्या एका रंगतज्ज्ञाला तो जेवायला घेऊन गेला, आणि जेवण होईपर्यंत त्याचीच गाडी दुसऱ्या रंगात रंगवून ठेवली. बाहेर आल्यावर त्या बिचाऱ्याला स्वतःची गाडी सापडेना. खरी की रंगवलेली (!) देव जाणे, पण गोष्ट झकास आहे. ड्युको हे नाव मात्र आपल्याकडे इतकं मुरलं, की आजही फर्निचरवाला कपाटाला "ड्युको मारू का?" असं विचारतो. त्याला ओकलंड गाडी माहीत असायचं काही कारण नाही.

या लॅकरची एक खोड होती. वाळल्यावर तो आपणहून आरशासारखा चमकत नसे. तशी झळाळी हवी तर घासावं लागे. आधी बारीक कागदाने, मग कंपाउंडने, मग मऊ कापडाने. फवारताना हवेतली धूळ ओल्या रंगात चिकटायची, तीही घासूनच काढायची. म्हणजे 'रंगात अडकलेला कचरा काढणे' हा उद्योग गाडी रस्त्यावर यायच्या आधीच, कारखान्यात सुरू झालेला.

आणि इथे फिलाडेल्फियाचा एक शाई बनवणारा माणूस येतो, फ्रान्सिस ओकी. १९२० च्या सुरुवातीला त्याने मिनेसोटाच्या एका छोट्या सँडपेपर कंपनीला पत्र लिहिलं, की तुम्ही वापरता त्या सगळ्या जाडीच्या खनिज कणांचे नमुने मला पाठवा. त्या कंपनीचं आजचं नाव थ्रीएम. तिथल्या विल्यम मॅकनाइटला नवल वाटलं, की शाईवाल्याला वाळूचे कण कशाला? चौकशीत कळलं, की ओकीने पाण्यात न विरघळणारा पॉलिश पेपर बनवला आहे. १९२१ मध्ये तो बाजारात आला. पाण्याखाली घासलं की धूळ उडत नाही, निघालेला चुरा पाण्याबरोबर वाहून जातो, तो पुन्हा कागद आणि रंग यांच्यामध्ये सापडून ओरखडे काढत नाही. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की तिच्या शोधाला माणूस लागला असेल असं वाटत नाही. पण घासताना मध्ये ओलावा हवा, हे या सगळ्या कहाणीतलं अर्धं शहाणपण आहे. उरलेलं अर्धं यायला सत्तर वर्षं लागली.

तोपर्यंत गाडीमालकांच्या हाती जे आलं, ते कारखान्यातल्या कामगारांचंच तंत्र होतं. लॅकर काय किंवा नंतरची एनॅमल काय, रंगद्रव्य वरच्या थरापर्यंत भरलेलं. उन्हाने वरचा पापुद्रा मरायचा, पांढुरका पडायचा. तो घासून काढला की खालून ताजा रंग. निघालेला रंग कापडावर आलाच पाहिजे, नाहीतर तुम्ही नुसते हात फिरवताय. बाबांचा नियम हाच. थर जाड, दर वर्षी थोडा गेला तरी गाडीचं आयुष्य निघायचं. ठिपके, डांबर, झाडाचा चीक, जे काय चिकटलं असेल ते त्या मेलेल्या पापुद्र्याबरोबरच निघून जायचं. वेगळं काढायची गरजच नव्हती.

मग रंग बदलला. गाड्यांना धातूची चमक असलेले रंग हवे झाले. त्या रंगात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक पत्रे असतात, ते उघडे पडून चालत नाही. म्हणून खाली रंगाचा पातळ थर आणि त्यावर बिनरंगी, पारदर्शक थर. त्याला क्लिअरकोट म्हणतात. १९८० च्या दशकात ही पद्धत जगभरच्या कारखान्यांत सर्रास झाली. या पारदर्शक थराची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. आपला केस सत्तरच्या आसपास असतो. ऊन अडवणारी रसायनं त्या थरात, चकाकी त्या थराची, आणि तो संपला की खालच्या रंगाला वाली नाही.

आता बाबांचं कापड आठवा. सुरुवातीला ते पांढरं राहिलं, कारण निघत होता तो बिनरंगी थर. काम होत होतं, दिसत नव्हतं. आणि ज्या क्षणी कापड राखाडी झालं, ज्या क्षणी फियाटच्या हिशोबाने काम सुरू झालं, त्या क्षणी या गाडीवरचं संरक्षण संपलेलं होतं. त्यातून ती धार. उंचवट्याच्या धारेवर दाब सगळा एका रेषेवर येतो, तिथे थर सगळ्यात आधी जातो. हे मी बाबांना सांगायची गरज नाही. धारेवर काय होतं हे मला सांगायला तेच आहेत.

रंगाची बाजू अशी नाजूक होत गेली, तेव्हा दुसऱ्या बाजूला कचरा काही कमी होत नव्हता. त्यातला नामांकित प्रकार म्हणजे 'रेल डस्ट', रेल्वेची धूळ. अमेरिकेत १९६० च्या सुमारास नव्या गाड्या दोन-तीन मजली उघड्या वाघिणींतून देशभर जायला लागल्या. चाकं रुळावर घासतात, ब्रेक चाकाला घासतात, आणि लोखंडाचे धारदार कण उडून बसतात ते थेट कोऱ्या करकरीत बॉनेटवर. रंगात रुततात, दव पडलं की गंजतात. लोखंडाचा गंज झाला की तो दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणजे कण आपलं बीळ आपणच मोठं करतो. नारिंगी ठिपका दिसतो तो त्या गंजाचा, आतला कण त्याहून कितीतरी लहान. पुढे १९७० च्या दशकात वाघिणी बंदिस्त झाल्या, त्यात दगडफेक आणि चोऱ्या ही कारणंही मोठी होती. (त्याच सुमारास शेव्हरोलेने व्हेगा नावाची गाडी नाक खाली करून उभी टांगून, एका वाघिणीत तीस, अशी पाठवली होती. बॅटरीतलं अ‍ॅसिड सांडू नये म्हणून बॅटरीची टोपणंसुद्धा मागच्या कडेला घेतली. विषय सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.)

वाघिणी बंदिस्त झाल्या तरी शोरूमबाहेर कारखाने होते, रूळ होते, प्रत्येक गाडीचे स्वतःचे ब्रेक होते. आणि ग्रिलवाले होतेच. उपाय दोन. एक तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्यात भिजवलेलं फडकं पसरून ठेवायचं, म्हणजे गंज विरघळतो. नाहीतर कंपाउंड. पहिल्याने फक्त लोखंड जातं, रंगाचे उडालेले तुषार किंवा डांबर जात नाही. दुसऱ्याने सगळंच जातं.

उरलेलं अर्धं शहाणपण आलं जपानमधून. तादाओ कोदाते या माणसाला डिसेंबर १९९५ मध्ये एक अमेरिकन पेटंट मिळालं. बाजारात या वस्तूला सगळे 'क्ले' म्हणतात, माती. डॅलसच्या ऑटो वॅक्स कंपनीने ती 'क्ले मॅजिक' नावाने विकली, मग इतरांच्याही आल्या. दिसायला मुलांच्या खेळण्यातल्या मातीसारखी, साबणाच्या वडीएवढी. पण पेटंटचं शीर्षक वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. त्यात मातीचं नाव नाही. शीर्षकाचा अर्थ होतो 'लवचीक, मऊ, घासायचा दगड'. ग्राइंडिंग स्टोन! म्हणजे बाबांचाच धंदा.

आत काय आहे? पॉलिब्युटीनसारखा चिकट, ताणला जाणारा पदार्थ आणि त्यात मळलेले अपघर्षक कण, पिठासारखे बारीक. म्हणजे ही वस्तू घासतेच, मग ओरखडा का काढत नाही? कारण कण कशात बसवलाय यावर सगळं आहे. पॉलिश पेपरवर तो कडक डिंकात पक्का बसलेला असतो, तुम्ही दाबलं की तो खाली रंगात घुसतो, दुसरीकडे जायला जागा नाही. या मऊ दगडात दाबलं की तो मागे सरकतो, लगद्यात बुडतो. सपाट रंगावर मध्ये साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा असतो, त्यावरून वडी नुसती तरंगत जाते. पण वर डोकं काढलेला लोखंडाचा कण आला की तो पडदा तिथे फाटतो, वडीतले कण त्या डोक्याला आडवे घासतात, आणि चिकट लगदा निघालेला तुकडा गिळून टाकतो. सपाट ते सोडायचं, वर आलेलं तेवढं कापायचं. हे करायला अक्कल लागते असं आपल्याला वाटतं, इथे ती अक्कल मऊपणाने केली.

अर्थात जादू नाही. गिळलेला लोखंडाचा तुकडा वडीच्या पृष्ठभागावर तसाच राहिला तर तोच आता ओरखडे काढणार, म्हणून दर थोड्या वेळाने वडी दुमडून, मळून स्वच्छ बाजू वर काढायची. पाण्यात कंजुषी करायची नाही. जमिनीवर पडली तर सरळ टाकून द्यायची, कितीही महाग असली तरी. काळ्या किंवा मऊ रंगावर एवढं करूनही हलकी धुसर येते. आणि काही डाग मुळात 'वर आलेले' नसतातच. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये गाड्यांवर खड्ड्यांसारखे गोल डाग पडायचे, त्यावर जनरल मोटर्सच्या संशोधकांचा १९९० चा अभ्यास आहे. मातीतलं कॅल्शियम आणि पावसातलं-दवातलं सल्फ्युरिक आम्ल मिळून थेंबाच्या कडेने कॅल्शियम सल्फेट जमतं. ते धुतलं तरी खाली व्रण उरतो. तिथे वडी फिरवून काय होणार? खड्डा घासून निघत नाही, निघालं तर आजूबाजूचं निघतं.

नंतर आणखी एक सोय झाली. पार्लरमध्ये केस कुरळे करायला जे थायोग्लायकोलेट वापरतात (१९४० च्या दशकापासून), त्याची लोखंडाशी गाठ पडली की गडद जांभळा रंग येतो. लोखंड शोधायची ही युक्ती प्रयोगशाळेत जुनीच, ती आता गाडीवर फवारायच्या बाटलीत आली. आधी ते मारायचं, म्हणजे कण सैल होतात आणि वडीला काम कमी उरतं.

तर या जानेवारीत मी बाटली आणि वडी दोन्ही मागवली. शनिवारी सकाळी खाली गेलो. बाबांना बोलावलं नव्हतं. पण वरून गॅलरीतून त्यांनी जांभळे ओघळ पाहिले असणार. पाचव्या मिनिटाला खाली.

"हे काय सांडलंस?"

"लोखंड आहे. ग्रिलवाल्याचं."

दारांवरून, टपावरून जांभळाचा रस सांडल्यासारखे ओघळ. बॉनेटवर अर्थातच काही नाही. त्याकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. मग मी वडी काढली आणि पेटंटमधलं नाव सांगितलं. बाबांनी ती हातात घेतली, दोन बोटांत चुरली, अंगठ्याने घासून पाहिली, चक्क वास घेतला.

"बाँड सॉफ्ट ठेवलाय," ते म्हणाले. "आमच्याकडे नियमच होता. जॉब जेवढा हार्ड तेवढं व्हील सॉफ्ट. पण हे भलतंच सॉफ्ट."

मी म्हटलं, दाबायचं नाही. ते म्हणाले, "मला शिकवू नकोस." मग थोडं थांबून, "किती असतो रे तो वरचा थर?"

"चाळीस मायक्रॉन. पन्नास."

"एवढाच?"

"एवढाच."

ते काही बोलले नाहीत. साबणाचं पाणी मारत मारत त्यांनी मागचं दार घेतलं. सुरुवातीला वडी खर्र आवाज करते, मग चार-सहा फेऱ्यांत आवाज जातो आणि ती काचेवरून फिरावी तशी फिरते. तो आवाज गेला की ते थांबायचे. कापडाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, कान लावून काम करत होते. टूलरूममध्ये स्पार्क-आउट ऐकतात तसे. मी प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून तपासत होतो (पिशवीतून खरखर जास्त कळते), आणि त्यांनी केलेल्या दारावर मला काहीही लागलं नाही. मी केलेल्या दारावर दोन ठिकाणी लागलं.

शेवटी बॉनेट राहिलं. त्यांनी वडी उलटी केली. पोट तपकिरी झालं होतं, त्यात उन्हात चमकणारे काळे ठिपके. त्यांनी ती मळली, स्वच्छ बाजू वर काढली, बॉनेटच्या दोन्ही कडा केल्या आणि मधल्या धारेपाशी येऊन हात उचलला.

"हे आता पेंटरकडेच ना?"

"हो. बॉनेट पूर्ण मारायला लागेल."

"पैसे मी देणार."

मी नको म्हणालो, ते देणार म्हणाले, असं दोनदा झालं. मग त्यांनी उरलेल्या वडीचा अर्धा तुकडा तोडला, पिशवीत गुंडाळला आणि खिशात टाकला. आईच्या स्कूटरला लागेल म्हणाले. समोर ग्रिलवाल्याने तेवढ्यात ग्राइंडर लावला. बाबा गेटपर्यंत गेले, त्याच्याशी काहीतरी बोलले, आणि त्याने पत्र्याचा एक तुकडा आणून गेटच्या बाजूला आडवा उभा केला.